कऱ्हाडचा र

"ही मोहोर जुळत नाही," मी म्हणाले.

ऋत्विजनं खुर्ची माझ्याकडे वळवली. "किती?"

"पाचशेतल्या दोन."

"दोनच?" त्याच्या आवाजात सुटल्यासारखं काहीतरी होतं. "मॅम, पाचशेत दोन म्हणजे काहीच नाही."

मागच्या खुर्चीवर बसलेल्या थोरात मॅडमनी वाचत असलेला कागद खाली ठेवला, तेवढं मला ऐकू आलं.

रविवार होता, दुपारचा पाऊण वाजला होता. कोल्हापुरात आमच्या कंपनीच्या दुसऱ्या मजल्यावरच्या खोलीत आम्ही चौघंच होतो. मी, सुचेता मगदूम, कंपनीचा डेटाबेस अकरा वर्षं सांभाळणारी. ऋत्विज दामले हा पुण्याहून खास या कामासाठी आणलेला एकोणतीस वर्षांचा सल्लागार. आमचे मालक इंगवले सर खिडकीशी उभे होते. आणि प्रभावती थोरात, आमच्या त्रेसष्ट ग्राहक बँकांच्या संयुक्त समितीच्या प्रतिनिधी. सकाळी नऊला आल्या होत्या आणि तेव्हापासून जेमतेम दहा वाक्यं बोलल्या होत्या.

आमच्या कंपनीचं एकच काम होतं. सहकारी बँकांनी एकमेकींना पाठवलेले निरोप सुरक्षित पोचवायचे. अमक्या माणसाची हमी खरी आहे, तमक्या खात्यावर कोर्टाची मनाई आहे, या सहीचा नमुना बाद झाला, असे निरोप. या व्यवस्थेला इंगवले सरांनी नाव दिलं होतं 'खलिता'. प्रत्येक निरोपावर पाठवणाऱ्या बँकेची एक संगणकी मोहोर असायची. ती निरोपातल्या अक्षरन् अक्षरावरून तयार व्हायची. वाटेत कुणी एक मात्रा जरी बदलली तरी मोहोर जुळायची नाही आणि निरोप खोटा ठरायचा. दहा वर्षांपूर्वीचा निरोपसुद्धा कोर्टात पुरावा म्हणून उघडला, तर मोहोर जुळलीच पाहिजे, असा बँकांशी करार होता.

हे सगळे निरोप तळमजल्यावरच्या आमच्या स्वतःच्या यंत्रांवर होते. यंत्रं म्हातारी झाली होती. त्यांचे सुटे भाग मिळेनासे झाले होते. मे महिन्यात एक डिस्क गेली आणि खलिता भर कामाच्या दिवशी सहा तास बंद पडला. एका माणसाची हमी वेळेत पोचली नाही म्हणून त्याचं टेंडर गेलं. समितीनं इंगवले सरांना बोलावून सांगितलं, की तीन महिन्यांत व्यवस्था बदला, नाहीतर आम्ही बदलू.

बदल म्हणजे क्लाउड. डेटाबेस आमच्या तळमजल्यावरून उचलून एका मोठ्या क्लाउड कंपनीकडे ठेवायचा. यंत्रं त्यांची, राखण त्यांची, नकला त्यांनी ठेवायच्या, बिघाड झाला तर दुसरं यंत्र आपोआप उभं राहणार. आम्ही फक्त आतल्या निरोपांची काळजी घ्यायची.

मी सुरुवातीला विरोध केला होता. ऑफिसात लोक म्हणायचे, मगदूमबाईंना यंत्रांचा लळा लागलाय. ते तितकंसं खोटं नव्हतं. पण खरी गोष्ट अशी, की अकरा वर्षं मी ज्या कामासाठी ओळखली जात होते, तेच आता दुसरं कुणीतरी आपोआप करणार होतं. मग माझं काय उरणार, हे मला समजत नव्हतं आणि कुणाला विचारायची लाजही वाटत होती. तरी काम अंगावर आलं, तेव्हा ते जीव ओतून केलं. तीन आठवडे एक्केचाळीस लाख निरोप हळूहळू जुन्या जागेतून नव्या जागेत वाहत होते. शनिवारी संध्याकाळी बँका बंद झाल्यावर आम्ही खलिता थांबवला. रविवारी सकाळी उरलेसुरले निरोप गेले. दोन्हीकडचा आकडा जुळला. शेवटची पायरी म्हणून नव्या जागेतले कुठलेही पाचशे निरोप काढून त्यांच्या मोहरा तपासायच्या, असं ठरलं होतं. त्यात या दोन निघाल्या.

"आणखी पाचशे काढ," मी ऋत्विजला म्हणाले.

त्याने काढले. या वेळी तीन.

इंगवले सर खिडकी सोडून माझ्या मागे येऊन उभे राहिले. "जुन्या यंत्रावर त्याच निरोपांच्या मोहरा जुळतायत?"

"जुळतायत सर. पाचही."

"म्हणजे वाटेत बिघडलंय."

"हो."

त्यांनी घड्याळाकडे बघितलं. दुपारी चार वाजण्याचा अर्थ आम्हा सगळ्यांना पाठ होता. जुन्या यंत्रांवर परत जायचं झालं, तर सगळ्या बँकांच्या वाटा पुन्हा तिकडे वळवून, तपासून, सोमवारी सकाळी आठला खलिता उघडायला सोळा तास लागणार होते. म्हणजे माघार घ्यायची तर दुपारी चारच्या आत. चारनंतर परतीचा रस्ता नाही.

पुढचा दीड तास मी आयुष्यात विसरणार नाही. एका पडद्यावर जुन्या जागेतला निरोप, दुसऱ्यावर नव्या जागेतला. तारखा सारख्या, क्रमांक सारखे, बँकांची नावं सारखी. ऋत्विज वेळेचे शिक्के तपासत होता, मोहरांच्या संगणकी किल्ल्या तपासत होता, नेटवर्कच्या नोंदी उपसत होता. दीडला इंगवले सरांनी हॉटेलातून जेवण मागवलं. पुड्या तशाच टेबलावर पडून राहिल्या.

थोरात मॅडम कधी उठून माझ्या खांद्यामागे आल्या, मला कळलंच नाही. सत्तावन्नच्या आसपासच्या, उंच, सुती साडीतल्या बाई. बँकेत लागल्या तेव्हा टपाल विभागात कारकून होत्या, हे मला नंतर समजलं. त्या चष्मा नाकावर खाली ओढून नव्या पडद्यावरचा निरोप वाचत होत्या.

"हे कुणी लिहिलंय?" त्यांनी विचारलं.

"काय मॅडम?"

"आमच्या गावाचं नाव. कर्हाड. ह वर रफार देऊन. आमच्याकडं शाळेतलं पोरसुद्धा असं लिहीत नाही. कऱ्हाड असं असतं ते." त्यांनी बोटानं टेबलावर र काढून त्याला आडवी शेपटी जोडून दाखवली. "आणि हे खाली. व्यापार्यांच्या. हेसुद्धा चूक. शाखेतल्या कुणी लिहिलंय त्याला मी उद्या विचारते."

मी जुन्या पडद्याकडे बघितलं. तिथं कऱ्हाड होतं. व्यापाऱ्यांच्या होतं. नीट, शेपटीवाल्या र सकट.

दुसरा निरोप उघडला. जुन्यात 'अधिकाऱ्यांची सही', नव्यात 'अधिकार्यांची सही'. तिसरा. वऱ्हाडे आडनावाचा माणूस नव्या जागेत वर्हाडे झाला होता. चौथा. पाचवा.

"ऋत्विज," मी म्हणाले, "इकडे ये."

त्याने दोन्ही पडद्यांकडे आळीपाळीनं बघितलं. दीड तास तो हेच निरोप बघत होता, पण आकडे आणि क्रमांक बघत होता. मीसुद्धा. निरोप वाचला होता तो एकट्या थोरात मॅडमनी.

"शाखेनं बरोबरच लिहिलंय मॅडम," मी त्यांना म्हणाले. "चूक आमच्याकडं झालीय. हा अर्धा र लिहिताना संगणक र आणि ह च्या मध्ये एक खूण ठेवतो. ती पडद्यावर दिसत नाही, पण ती असते म्हणून र ला शेपटी येते. ती खूण वाटेत गळलीय. खूण गेली म्हणून अक्षर बदललं, आणि अक्षर बदललं म्हणून मोहोर जुळेना."

"पण मग हे फक्त पाचच कसे?" इंगवले सरांनी विचारलं.

"बहुतेक निरोप इंग्रजी साच्यातले असतात सर. मराठीत शेरा लिहायची सोय आपण तीन वर्षांपूर्वी दिली आणि ती थोड्याच बँका वापरतात. आपण चाचणीला घेतलेले सगळे निरोप इंग्रजी होते. तिथं हे दिसणारच नव्हतं."

"पण खूण गळेल कशी?" ऋत्विज स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाला. "न दिसणारी चिन्हं काढून टाकायचा एक पर्याय असतो निरोप हलवायच्या टूलमध्ये. तो चालू राहिला असेल तरच." त्याचा चेहरा उतरला. तो इंगवले सरांकडे वळला. "सॉरी सर. सेटिंग मी तपासायला हवी होती. माझ्याकडून राहिलं."

तोवर मी सेटिंगच्या बदलांची नोंद माझ्या पडद्यावर उघडली होती. तिच्यात एकच ओळ होती. न दिसणारी चिन्हं काढा, सर्व तक्ते. बदल करणाऱ्याचं नाव, एस. मगदूम. तारीख तीन आठवड्यांपूर्वीची.

मला ती सकाळ लख्ख आठवली. शाखांच्या पत्त्यांच्या तक्त्यात जुन्या प्रोग्रॅमनं सोडलेला काही कचरा होता आणि नवा डेटाबेस तो घ्यायला तयार नव्हता. म्हणून मी हा पर्याय चालू केला. तो फक्त पत्त्यांच्या तक्त्यापुरता करायचा होता. त्याच वेळी कुणाचा तरी फोन आला, आणि मी 'सर्व तक्ते' यावरची खूण काढायची विसरले.

पडदा फक्त मला दिसत होता. ऋत्विज चूक स्वतःवर घेऊन मोकळा झाला होता. तो दोन दिवसांनी पुण्याला परत जाणार होता, त्याच्या कंपनीकडे अशी पन्नास कामं होती. आणि माझ्या मागे समितीच्या प्रतिनिधी उभ्या होत्या. मी गप्प बसले असते तर कुणी नोंद बघायला मागितलीही नसती. आज सांगायला हरकत नाही, दोन-तीन क्षण मी खरोखर गप्प बसले होते.

मग मी पडदा सगळ्यांकडे फिरवला.

"ऋत्विजचं काही चुकलेलं नाही," मी म्हणाले. "हे मी केलंय. पत्त्यांपुरतं करायचं होतं, मी सगळ्यावर केलं. इथं माझं नाव आहे."

ऋत्विजनं नाव वाचलं आणि मान खाली घातली. इंगवले सर माझ्याकडे बघत राहिले. अकरा वर्षांत त्यांना माझ्याकडे असं बघताना मी कधी पाहिलं नव्हतं.

बोलल्या थोरात मॅडम. "बरं. आता पुढं काय करणार?"

मी पुन्हा कीबोर्डकडे वळले. "जुन्या जागेत ती खूण असलेले निरोप किती आहेत ते आत्ता काढते." दोन मिनिटांत आकडा आला. अठरा हजार दोनशे सहा. "सेटिंग दुरुस्त करून हे एवढेच निरोप परत आणायचे. अर्ध्या तासाचं काम आहे."

"म्हणजे तीनपर्यंत," इंगवले सर म्हणाले. त्यांचा आवाज जरा सैल झाला.

"आणायला तीन. मग तपासायचं."

"हजारभर निरोप काढून बघू," ऋत्विज म्हणाला. "साडेतीनपर्यंत होईल. चारच्या आत आपण मोकळे."

"हजार नाही. सगळे."

"एक्केचाळीस लाख?"

"एक्केचाळीस लाख. पाचशेचा नमुना घेतला होता आणि पहिल्या फटक्यात दोन हाताला लागल्या, हे आपलं नशीब. एकही लागली नसती तर आपण आत्ता पेढे वाटत असतो. आता मी नशिबावर सोडणार नाही."

"सगळ्या मोहरा तपासायला तीन तास लागतील मॅम. सहा वाजतील. चारला परतीचा रस्ता बंद होतो."

"माहितीये."

माघार घेणं सोपं होतं. जुन्या यंत्रांवर परत गेलो असतो तर सोमवारी खलिता चालू राहिला असता, आणि मी सावधपणे वागले असं कुणीही म्हटलं असतं. पण यंत्रं आणखी किती दिवस चालणार होती, ते मला इतर कुणाहीपेक्षा चांगलं माहीत होतं. त्या आठवड्यातच दुसरी एक डिस्क कुरकुरायला लागली होती.

इंगवले सर थोरात मॅडमना म्हणाले, "चारच्या पुढं जायचं तर तुमची परवानगी लागेल. करारात तसं आहे."

थोरात मॅडमनी मला विचारलं, "कारण हेच आहे, याची खात्री आहे?"

"कारणाची खात्री आहे. दुसरं काही चुकलेलं नाही, याची खात्री तपासल्याशिवाय देणार नाही."

"आणि तपासताना दुसरं काही निघालं, तर?"

"तर ते दुरुस्त करायला उद्या सकाळी आठपर्यंतचा वेळ असेल. तेवढ्यात झालं नाही, तर उद्या खलिता बंद राहील आणि तुमच्या त्रेसष्ट बँकांना मी स्वतः फोन करीन."

"तुम्ही काय करायचं म्हणता? परत, की पुढं?"

हा प्रश्न त्यांनी मला विचारला, इंगवले सरांना नाही. मी सरांकडे बघितलं. त्यांनी फक्त मान हलवली, तुम्हीच सांगा म्हणून.

"पुढं," मी म्हणाले.

थोरात मॅडमनी पर्समधून पेन काढलं आणि करारावर वेळ घालून सही केली. मग जाऊन आपल्या खुर्चीवर बसल्या आणि जेवणाची पुडी उघडली. "या, खाऊन घ्या दोन घास," त्या म्हणाल्या. "बघत बसल्यानं यंत्र काही लवकर मोजत नाही."

तीन वाजता निरोप आले. पहिला मी स्वतः उघडला. कऱ्हाड. शेपटीसकट. मोहोर जुळली. थोरात मॅडमनी लांबूनच मान वर करून पाहिलं आणि पुन्हा खाली घातली.

मग मोठी तपासणी सुरू केली. पडद्यावर दोन आकडे होते. डावीकडं तपासलेल्या मोहरा, उजवीकडं न जुळलेल्या. डावीकडचा भराभर वाढत होता. उजवीकडं शून्य. दहा लाख झाले, शून्य. चार वाजले तेव्हा कुणी घड्याळाकडे बघितलं नाही, पण चौघांनाही कळलं. वीस लाख. ऋत्विज माझ्या शेजारी येऊन बसला. "मॅम," तो हळूच म्हणाला, "तुम्ही बोलला नसतात तरी चाललं असतं. मी सांभाळलं असतं."

"तू सांभाळलं असतंस," मी म्हणाले. "मग पुढच्या वेळी त्याच जागी मी पुन्हा चुकले असते."

तीस लाखांनंतर इंगवले सर खोलीत येरझाऱ्या घालायला लागले. अडतीस लाखांना ते थांबले. शेवटचे काही हजार मोजले जात असताना आम्ही चौघंही पडद्यासमोर उभे होतो, थोरात मॅडमसुद्धा. सहाला पाच मिनिटं असताना डावीकडचा आकडा थांबला. एक्केचाळीस लाख बारा हजार सातशे तीस. उजवीकडं शून्य.

ऋत्विजनं दोन्ही हात डोक्यावर ठेवले आणि हसायला लागला. इंगवले सर खाली बसले आणि त्यांनी रुमालानं चष्मा पुसला, मग डोळे पुसले, मग पुन्हा चष्मा. मला वाटलं होतं मी रडेन. पण मला सपाटून भूक लागली होती. मी गार झालेली पुरी-भाजी उभ्या उभ्या खाल्ली आणि इतकी चवदार पुरी-भाजी मी परत कधी खाल्ली नाही.

सोमवारी आठला खलिता उघडला. पहिला निरोप गडहिंग्लजहून साताऱ्याला गेला. पूर्वी ज्याला नऊ सेकंद लागायचे त्याला एकसुद्धा लागला नाही. साडेदहापर्यंत त्रेसष्टच्या त्रेसष्ट बँका जोडल्या गेल्या. एका मॅनेजरनं फोन करून विचारलं, काहीतरी बिघडलंय का, कारण निरोप पाठवायच्या आधीच पोचल्यासारखा वाटतोय. मी त्यांना म्हणाले, आता असाच पोचणार. फोन ठेवल्यावर मला जाणवलं, की तळमजल्यावरची यंत्रं मला सकाळपासून एकदाही आठवली नव्हती. माझ्यासमोर दिवसभराचं काम होतं, आणि ते सगळं निरोपांचं होतं.

थोरात मॅडम सोमवारीही आल्या होत्या. अकरा वाजता त्यांनी इंगवले सरांच्या टेबलावर एक लिफाफा ठेवला. सरांनी तो उघडून वाचला आणि माझ्या हातात दिला.

समितीचं पत्र होतं, शुक्रवारच्या तारखेचं, अध्यक्षांच्या सहीचं. आमच्याशी असलेला करार संपवून काम मुंबईच्या एका मोठ्या कंपनीला देण्याचा निर्णय त्यात होता. खाली एक ओळ होती. स्थलांतराच्या कामात कंपनीचा कोणताही दोष आढळल्यास हे पत्र प्रतिनिधींनी त्याच दिवशी द्यावे, अन्यथा समितीस परत करावे.

"हे काल सकाळपासून तुमच्या पर्समध्ये होतं?" इंगवले सरांनी विचारलं.

"होतं."

"आणि काल दोष निघाला."

"निघाला."

"मग दिलं का नाहीत?"

थोरात मॅडमनी माझ्या हातातलं पत्र घेतलं, नीट घडी घातली आणि लिफाफ्यात सरकवलं. "आढळल्यास, असं लिहिलंय," त्या म्हणाल्या. "मला आढळलं ते एवढंच, की माझ्या गावाचं नाव चुकलंय. दोष या बाईंनी आपणहून सांगितला. तसं झालं तर काय करायचं, ते पत्रात लिहिलेलं नाही. हे मी परत घेऊन चाललेय, आणि समितीला कारणही सांगणार आहे."

लिफाफा पर्समध्ये गेला. पर्सची चेन लागली. मग त्या खुर्चीत जरा मागे रेलून बसल्या, आणि दोन दिवसांत पहिल्यांदा हसल्या.

"आता चहा सांगा कुणीतरी," त्या म्हणाल्या. "कालपासून तुमच्याकडं येतेय, चहाचं कुणी नावच काढलं नाही."

मी उठले. पण इंगवले सर माझ्या आधीच दारापर्यंत पोचले होते. "तुम्ही बसा मगदूम," ते म्हणाले, आणि स्वतः जिना उतरून गेले.